एक दिवसाआड

प्रिय दादा,

अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवू नकोस. चार वर्षं आपण बोललो नाही. सुरुवात कुणीतरी करायलाच हवी होती, आणि तू करणार नाहीस हे मला ठाऊक आहे. अबोला धरण्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

दुकान बरं चाललंय. आईच्याच मशीनवर शिवते, पण काजं करायला आता एक बाई ठेवली आहे. मला चष्मा लागलाय, हसू नकोस. लेक बारा वर्षांची झाली. तिने मोबाइलवर आपली ती उडत्या जहाजाची जपानी मालिका शोधून काढली, पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत. मी कार्टून म्हटलं, तर म्हणाली, आई, त्याला अ‍ॅनिमे म्हणतात. अख्खं बालपण त्यात घालवलं आणि नाव आत्ता कळलं.

खरं तर निम्मंच घालवलं. आई पाच वाजता शिवलेले कपडे घरोघर पोचवायला निघायची आणि मालिकाही पाचलाच लागायची. दुकानात कुणीतरी बसायला हवं, म्हणून एक दिवस तू, एक दिवस मी. जो घरी असेल त्याने बघायचं आणि जेवताना दुसऱ्याला सांगायचं. मी वाक्यागणिक तुला अडवायची, वारा किती होता, जहाज किती कललं, आणि तू घास हातात धरून सगळं सांगायचास. आई म्हणायची, आधी गिळा, मग उडा.

तुला कप्तानाचं वेड होतं. मला मात्र जहाजावरचे कंदील पुसणारी ती मुलगी आवडायची, कारण तिला माझ्यासारख्याच दोन आखूड वेण्या होत्या. आणि नशीब बघ, तिचे सगळे पराक्रम नेमके तू घरी असलास की व्हायचे. वादळात शिडाचे दोर कापून तिने जहाज वाचवलं, तो भाग तुझा. चाच्यांच्या म्होरक्याला चकवलं, तोही तुझा. दुसऱ्या दिवशी मी बघायला बसले की लोक कप्तानाला खांद्यावर घेऊन नाचत असायचे आणि ती मागे फडकं पिळत उभी. तुला विचारलं तर म्हणायचास, तिला मिरवायला आवडत नाही. मी हट्टाने तुझ्याशी दिवस बदलून घेतले, त्यासाठी दोन आठवडे तुझे बूट पुसले, तरी तेच. माझं नशीबच फुटकं, असं मी धरून चालले होते.

म्हणून आता लेकीला मोठ्या ऐटीत सांगितलं, थांब, वादळ येऊ दे, मग बघ ती काय करते. वादळ आलं. दोर कप्तानाने कापले. चाचे आले तेव्हा ती खाली झोपली होती. आम्ही तीन रविवार बसून बावन्नच्या बावन्न भाग बघितले. दादा, ती मुलगी सबंध मालिकेत कंदील पुसते, एवढंच. एकदा शिंकते. लेक म्हणाली, आई, तुला काहीतरी भलतंच आठवतंय. मी उठून बॉबिन भरायला बसले, ती भरून दोरा बाहेर यायला लागला तरी पाय थांबेना.

तू जेमतेम अकरा वर्षांचा होतास. मी दुकानातून येईपर्यंत बसून रचत असशील. ज्या कप्तानावर जीव टाकायचास, त्याचेच पराक्रम काढून घेऊन तू तिच्या पदरात टाकलेस, मला आनंद व्हावा म्हणून. आणि इतक्या वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाहीस.

आई गेली त्या आठवड्यात, भरल्या घरात सगळ्यांसमोर मी तुला विचारलं होतं, तू आजवर माझ्यासाठी काय केलंस? आईचं दुखणं मी काढलं, दुकान मी सांभाळलं, तू पाहुण्यासारखा येतोस आणि जातोस. तू बॅग उचललीस, आणि मला वाटलं, तुझ्याकडे उत्तरच नाही. तो प्रश्न मागे घ्यायला हे पत्र लिहिते आहे. मला तुझी फार आठवण येते. घरी ये, आणि लेकीला ते वादळ तूच सांग. तिने नुसतं बघितलंय.

तुझीच,
धाकटी