तुझ्या नावावर पडलेलं मत

माय, तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मागच्या महिन्यात तू मत दिलंस. खातेदार संघाच्या यादीत तुझं नाव होतं, नावासमोर निळ्या शाईचा अंगठा उमटला आणि त्या एका मतानं मंडळाची सातवी जागा अध्यक्षांच्या माणसाला मिळाली. हे तुला सांगायलाच हवं, कारण नाव तुझं होतं आणि चूक माझी. मी असं पुस्तकी लिहितो आहे म्हणून तू हसशील. पण हातात टाक आला की मला असंच येतं. बोलताना मी अजून आपल्यासारखाच बोलतो.

तू गेलीस तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. मग मुंबई राज्यात गेलो, आता महाराष्ट्रात आहोत. गाव मात्र जिथल्या तिथे आहे, आणि चांदूरच्या बाजारात वांग्याची टोपली घेऊन जायची गाडीही तीच. माझी शाळा सातवीतच सुटली. मामाबरोबर मळ्यात राबलो. पुढे माझं अक्षर बघून संघाच्या सेक्रेटरींनी मला लिहिण्याच्या कामावर ठेवून घेतलं. काम मी नीट करतो. एक ओळ लिहिली की दोनदा वाचतो. कपाटाला कुलूप लावून रस्त्यापर्यंत जातो आणि परत येऊन ते ओढून बघतो. सेक्रेटरी हसतात, पण माझ्या हातच्या कागदात काना-मात्रा चुकलेली त्यांना आजवर सापडलेली नाही. संघ तुझ्या वेळचाच आहे. पिकांची राखण, कोंडवाडा आणि शेतात जायच्या गाडीवाटा, म्हणजे पांधणी, एवढंच त्याचं काम. पण या वेळी मुरूम एकाच पांधणीला पुरणार होता. वरची पांधण अध्यक्षांच्या शेतावरून जाते. खालची नाल्याच्या काठानं, आज्यानं तुझ्या नावावर करून दिलेल्या आपल्या तीन एकरांवरून. पावसाळ्यात खालच्या वाटेवर गाडी आखापर्यंत रुतते हे तुला मी काय सांगावं. मुरूम कुठे पडायचा ते नवं मंडळ ठरवणार होतं, म्हणून निवडणूक एवढी पेटली.

संघात नाव घालायचं तू ठरवलंस तेव्हा मी चौथीत होतो. सही आल्याशिवाय तिथे जाणार नाही, असं तू म्हणालीस. चुलीपुढची राख तू हातानं सारखी करतेस, मी बोटानं त्यात तुझं नाव काढतो, तू ते गिरवतेस. भाकर तव्यावर, एक डोळा तिच्यावर, एक डोळा राखेवर. तुझ्या नावातली दुसरी वेलांटी तू दरवेळी उलट्या अंगाला देतेस. मी चिडतो. मास्तर आम्हाला मारायचे तशी तुझ्या बोटांवर चिपाडाची काडी मारतो. तू काडी काढून घेतेस आणि चुलीत सारतेस.

"मास्तर असशीन शाळेत. इथं भाकर मी देतो तुले."

"पण माय, चुकलं ना ते!"

"वेलांटी इकडून देल्ली काय अन् तिकडून देल्ली काय, नाव तं माहंच राह्यते ना?"

मग तू तव्यावरची भाकर आधी मला वाढलीस, म्हणून भांडण तिथेच थांबलं. वेलांटी शेवटपर्यंत सुधारली नाही.

नाव घालायला गेलो तो दिवस मला स्वच्छ आठवतो. संघाच्या खोलीत सगळे पुरुष. तेव्हाही अध्यक्ष हेच. त्यांनी तुझ्याकडे न बघता शाईची डबी पुढे सरकवली आणि म्हणाले, "घ्या बाई, अंगठा द्या इथं." तू डबी तशीच मागे सरकवलीस.

"अंगठा भाजी खुडाले ठेवला हाये. टाक आना."

खोलीत हशा झाला. अध्यक्षांनाच उठून कपाटातून टाक काढून द्यावा लागला. तू एवढा वेळ घेतलास की मागच्या माणसानं विचारलं, पोथी लिहून राह्यल्या काय बाई? तू मान वर न करता म्हणालीस, "नाव लिहून राह्यलो. तुमाले येत असन तं तुमीबी लिहा." तो अंगठेवाला होता. 

आता या वर्षीचं. निवडणुकीआधी सेक्रेटरींनी जुनी यादी माझ्यापुढे ठेवली. "माह्या डोयाले आता दिसत नाई बापा. गेलेल्याइच्या नावापुढं मयत लिही, अन् बाकीची यादी स्वच्छ उतरव." मी गावोगावच्या पटवाऱ्यांकडून खात्री करून आणली. लाल शाईनं अकरा नावांपुढे 'मयत' लिहिलं. अक्षर सुटं, ओळीत. बारावं नाव तुझं होतं, अनुक्रमांक एकशे बारा. मी टाक दौतीत बुडवला, निबावरची जास्तीची शाई काठाला पुसली, आणि पुढच्या नावावर गेलो. मनाशी म्हटलं, वारसाची नोंद अजून झालेली नाही, कागदावर शेत तिच्याच नावानं आहे, तेव्हा नाव काढायचा मला अधिकार नाही. हे कारण ऐकायला बरोबरच होतं. पण त्या अकरांपैकी चौघांची वारसनोंद झालेली नव्हती, आणि ती नावं मी काढली होती. म्हणजे कारण मला ठाऊक होतं आणि ते खोटं आहे हेही.

मतदान झालं. सहा जागा तीन-तीन वाटल्या गेल्या आणि सातवी एका मतानं वरच्या पांधणीकडे गेली. खालच्या लोकांनी त्याच संध्याकाळी तक्रार केली की अध्यक्षांच्या दमणीतून, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीतून, बाया आणल्या, त्यात कोणी तरी खोटी होती. कोणती, ते त्यांना सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी यादी आणि अंगठे पडताळून ठेवायचं काम माझंच होतं. एकशे बाराव्या ओळीवर आलो तर समोर अंगठा. जाडसर, थोडा पुसटलेला. मी कागद सेक्रेटरींपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, नाव वाचलं, आणि उठून दार लोटून घेतलं.

"हे कोनाले दाखवलं?"

"कोनालेच नाई."

"मंग दाखवू नको. त्याइले वाटते खोटं मत पडलं, पन कोनतं ते ठाऊक नाई. तू सांगशीन तं पयले तुलेच इचारतीन, नाव कावून ठेवलं? नोकरी जाईन तुही."

"अन् नाई सांगितलं तं?"

"तं काय? मुरूम वर पडन. जग काय बुडून राह्यलं?"

ते माझ्या भल्याचंच सांगत होते, त्याबद्दल मला शंका नाही. तीन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. पण चौथ्या दिवशी मी सायकलीवरून संघाच्या खोलीकडे निघालो तेव्हा काय करायचं ते ठरलेलं होतं आणि मला भीती वाटत नव्हती. कोणी तरी तुझं नाव घेऊन तुझ्याच शेताच्या वाटेविरुद्ध मत दिलं होतं. तू असतीस तर त्या बाईची झिंजी धरली असतीस. मला उभं राहून फक्त एक आकडा सांगायचा होता.

चौकशीला अमरावतीहून साहेब आले. खोलीत माणसं मावेनात म्हणून टेबल बाहेर लिंबाखाली मांडलं. कोणाला काही सांगायचं आहे का, असं साहेबांनी विचारलं आणि मी उठलो.

"साहेब, अनुक्रमांक एकशे बारा. या बाई मयत आहेत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ती माझी आई होती."

अध्यक्ष लगेच म्हणाले, "एका नावाच्या धा बाया राह्यतात साहेब. ही दुसरी बाई. याची माय कुठं सभासद होती? पोरगं गफलत करून राह्यलं."

मी सभासदांची जुनी नोंदवही सोबत आणली होती, पानात कागदाची खूण घालून. ती उघडून साहेबांपुढे ठेवली. तुझी सही अर्ध्या पानाएवढी आहे, माय. शेजारच्या दोन रकान्यांत शिरलेली.

"ही त्यांचीच कशावरून?"

"साहेब, वेलांटी उलट्या बाजूला आहे. सही मी शिकवली होती. ती मला दुरुस्त करता आली नाही."

मागून एक म्हातारा ओरडला, "अध्यक्षसाहेब, इसरले काय? तुमीच तं टाक आनून देल्ला होता त्या बाईले!" दुसरा म्हणाला, "मेल्यावर मानूस सही इसरते अन् अंगठा शिकते काय?" सगळं लिंबाचं झाड हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. दमणीतून कोण आलं ते गाडीवानाला विचारा, एवढंच पुटपुटले आणि खाली बसले. ती बाई कोण होती ते अजून कोणालाच सांगता आलेलं नाही.

मग साहेब माझ्याकडे वळले. "यादी कोणी केली?"

"मी."

"मयत नावं काढायची होती ना?"

"अकरा काढली. हे ठेवलं."

"का?"

मी वारसनोंदीचं कारण तयार ठेवलं होतं. ते जिभेवर आलंच नाही. "लिहवलं नाही, साहेब," एवढंच म्हणालो. आता खालच्या बाजूचेच लोक चवताळले. "म्हंजे खोट्या मताचं दार यानंच उघडं ठेवलं!" ते खोटं नव्हतं. साहेबांनी सातव्या जागेचं मतदान रद्द केलं, पुन्हा घ्यायचा हुकूम दिला, आणि यादी प्रत्येक गावात मोठ्यानं वाचली जावी असं लिहवून घेतलं. शेवटी लाल शाईची दौत माझ्यापुढे सरकवली. सगळ्यांसमोर मी तुझ्या नावापुढे तीन अक्षरं लिहिली.  साहेब म्हणाले, अक्षर चांगलं आहे.

यादीचं काम आता माझ्याकडे नाही. सेक्रेटरी मला पिकांच्या राखणदारांची हजेरी लिहायला पाठवतात. नोकरी गेली नाही, तेवढं पुष्कळ आहे. मला याचं वाईट वाटत नाही. चूक झाली ती कागदावर आली आणि कागदावरच सुधारली. शेताची वारसनोंद मी करून घेतली आहे. येत्या रविवारी पुन्हा मतदान आहे आणि मी माझ्या नावानं मत देणार आहे. खालची पांधण जिंकेल असं मला वाटतं. हरली तरी खऱ्या माणसांनी हरवली असेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. संघाच्या फायलीत तर नाहीच. साहेबांनी मला आणखी एक प्रश्न विचारला होता, तो मी वर लिहिला नाही. मतदानाच्या वेळी नाव पुकारतात. साहेब म्हणाले, यांचं नाव पुकारलं तेव्हा तुम्ही आतल्या खोलीतच होता, मग तुम्हाला ऐकू आलं नाही का? मी म्हणालो, नाही साहेब, गर्दी होती. तेवढं एक खोटं बोललो. मी ऐकलं होतं, माय. तुझं नाव, आडनावासकट, मोठ्यानं. अकरा वर्षांत ते कोणी असं हाक मारल्यासारखं घेतलं नव्हतं. आणि बाहेरून एका बाईचा आवाज आला, "हाव, हाये." दार माझ्यापासून पाच पावलांवर होतं. मी हातातला कागद खाली ठेवला आणि बसून राहिलो. उठून बघितलं असतं तर ती तू नाहीस हे मला दिसलं असतं.