लेथ बोलायला तयार नाय

२४ सप्टेंबर
आजपासून रोज लिहायचं. आपल्यासारख्या माणसाची नोंद राहिली पाहिजे. आमचे मालक आप्पासाहेब म्हणाले की मेंटेनन्सचा इनचार्ज कोण ते खंडेनवमीच्या पूजेला जाहीर करणार. उमेदवार दोन. मी, आणि परवा-परवा आलेली इंजिनिअर मेघा. म्हणजे उमेदवार एकच. बायकोला सांगून टाकलं. मंजुषानं माहेरी पडेगावला कळवून पेढ्यांची ऑर्डरपण दिली.

२५ सप्टेंबर
सणाची साफसफाई. कॉम्प्युटरमागच्या दोन्ही केबल काढून जातीनं पुसल्या. एक लोखंड कातायच्या जुन्या लेथ मशीनची, दुसरी गेटवरच्या पळत्या अक्षरांच्या बोर्डाची. परत लावल्या. मेघा म्हणाली, चिठ्ठ्या चिकटवू का? म्हटलं, इतकी वर्षं झाली, केबल मला तोंडओळखीनं कळते.

२६ सप्टेंबर
पूजेनंतर पाव्हण्यांसमोर लेथवर नवा जॉब, म्हणजे नवा पार्ट कातून काढायचा. प्रोग्राम कॉम्प्युटरवरून केबलनं पाठवायचा. मी आप्पासाहेबांना लगेच व्हय म्हणालो. त्याला टर्मिनल नावाचं सॉफ्टवेअर असतं. खिडकी उघडा, पोर्ट निवडा, कनेक्टचं बटण दाबा, टाइप करून एंटर. समोरून मशीन उत्तर देते. पोरखेळ.

२७ सप्टेंबर
कनेक्ट झालं. इंग्रजी अक्षरात 'हॅलो' पाठवलं. मग 'बोल गं बाई'. दिवा लुकलुकतोय, म्हणजे माल जातोय. लेथ ढिम्म. दोष लेथचा.
जाताना वॉचमन हसून म्हणाला, हॅलो काकासाहेब. कधी नाय ते. इनचार्ज होणार याची हवा झालेली दिसते.

२८ सप्टेंबर
मेघा म्हणाली, केबल बघू का? नको म्हटलं. दिवसभर टेस्ट मेसेज. टेस्टला काय लिहायचं? मनात येईल ते. 'मेघाला काय येतं.' 'मेव्हणा फुकट्या, जेवायला बसला की उठत नाय.' लेथ गप्प. पण मन हलकं होतं. घरात असं ऐकून कोण घेतं?
रात्री मंजुषा फुगलेली. बजाजनगरातून भाजी घेऊन आमच्या कंपनीवरूनच आली म्हणे. ताट आपटलं आणि म्हणाली, जेवून लवकर उठा. तिला ऊन लागलं असंल.

३० सप्टेंबर
शिफ्ट सुटली तरी पोरं गेटबाहेर उभी, वर बघून खिदळतायत. बोर्डावर दसऱ्याच्या शुभेच्छा साफसफाईच्या आधी मीच टाकल्या होत्या, आवडलेल्या दिसतात. मेघा म्हणाली, सर, जरा गेटपर्यंत चला, दाखवायचंय. वेळ नाय म्हटलं. इनचार्जनं अंतर राखावं. निश्चय: उद्या लेथ बोलणार म्हणजे बोलणार.

१ ऑक्टोबर, सकाळ
खंडेनवमी. नवा शर्ट. लेथला हार घातला, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पाव्हणे यायच्या आत शेवटचा प्रयत्न. गप्पच! डोकं फिरलं. पाठवून दिलं, 'आप्पासाहेबांना मशीनमधलं ढेकळ कळत नाय. कंपनी माझ्यावर चालते.' लई मोकळं वाटलं.

१ ऑक्टोबर, दुपार
पाव्हण्यांच्या गाड्या गेटवरच थांबल्या. आत येईनात. वाचत होते.
आप्पासाहेबांनी दंडाला धरून तिथं नेलं. झेंडूच्या तोरणाखाली बोर्डावर लाल अक्षरं पळत होती. कंपनी माझ्यावर चालते. संपलं की परत पहिल्यापासून. मेव्हण्याचं, मेघाचं, सगळं इथंच पळालेलं. जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. आप्पासाहेब एवढंच म्हणाले की काकासाहेब, निरोप पोचला. पाव्हणे पोट धरून हसले म्हणून नोकरी वाचली.
मेघानं केबलची अदलाबदल केली. लेथ लगेच बोलली. गद्दार.

३ ऑक्टोबर
मेघा इनचार्ज. बोर्डावर तिचं अभिनंदन टाकायचं काम माझ्याकडं. आप्पासाहेब म्हणाले, या कामाचा अनुभव माझ्याइतका कुणाला नाय. खरंच आहे. कनेक्ट. टाइप. एंटर. गेटवर जाऊन बघितलं, एक अक्षर चुकलं नव्हतं.
पेढे हलवाई परत घेईना. मंजुषानं तेच मेघाला दिले, वर पाठीवर हात फिरवला. उरलेले घरी आले. मेव्हणा बसला होता. त्यानं एकच पेढा खाल्ला, माझ्याकडं बघितलं आणि लगेच उठला.