यार्ड, चिपर आणि एका फुटक्या बेअरिंगची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा तोडलेल्या फांद्या मशीनमध्ये घालून त्यांच्या ढलप्या करून देणे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, पण या कामाला ती लागत नाहीत. कान तर असे शाबूत आहेत, की खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या मशीनची सुई बोथट झाली की मी वरून सांगतो. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायला एक जण परवा येऊन गेला, त्याचे पुढे येईलच.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. त्यात यार्डाचा अर्धा हिस्सा मी धाकट्या भावाला लिहून दिला होता.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या बायकोला. स्वयंपाकघराची खिडकी सत्तावीस वर्षे नीट लागत नाही. "अहो, आधी खिडकी, मग मशीन," असे ती दर वर्षी म्हणाली आणि दर वर्षी मशीनच आले. सबब ठेवीतून पहिला खर्च खिडकीचा करावा. सुतार मी सांगून ठेवला आहे.

कलम २. करवती, दोर, दोन्ही कुऱ्हाडी आणि लांब दांड्याचा कोयता मुक्याला. तो माझा सर्वांत जुना कामगार. बोलायला लागला की थांबत नाही म्हणून त्याला मुका म्हणतात. कानांवर लावायची झाकणेही त्यालाच, पण ती त्याने खिळ्याला न टांगता कानांवर लावावीत. पहिल्या दिवसापासून मी लावली तेव्हा सगळे हसले. आज हसणाऱ्यांशी ओरडून बोलावे लागते.

कलम ३. भाव ठरवायची माझी रीत माझ्या लेकीला. ती तिला येतेच, पण लिहिलेले बरे.

फोनवर भाव सांगू नये. "दोनच ढीग आहेत हो, छोटेसे," असे सगळेच म्हणतात. जाऊन ढिगाभोवती एक फेरी मारावी. बुटाने लाथ घालावी. ओले लाकूड दबका आवाज देते, सुके कडकडते, आणि सुके पाती लवकर बोथट करते. फांद्यांचे बुडखे सगळे रस्त्याकडे तोंड करून रचलेले असतील तर साधा भाव. कावळ्याच्या घरट्यासारखा गुंता असेल तर दीडपट, कारण वेळ कापण्यात जात नाही, ओढून काढण्यात जातो. सळई खुपसून बघावे. आत तार, खिळे, दगड निघाले तर धार लावायचा खर्च वेगळा. ढलप्या तिथेच टाकायच्या की उचलून न्यायच्या, हे आधी विचारावे. भाव चहाच्या आधी सांगावा, चहानंतर जीभ मऊ पडते. आणि गिऱ्हाईक "आपण काय घरचेच" म्हणाले, की दहावा हिस्सा वाढवावा.

हा शेवटचा नियम मी स्वतः पाळला असता, तर पुढचे कलम लिहावे लागले नसते.

कलम ४. मोठा चिपर, म्हणजे ढलप्या करायचे मशीन, लेकीला. पण तो घरात कसा आला, हे तिने माझ्याकडून अर्धेच ऐकले आहे.

वडील गेले तेव्हा धाकटा बारा वर्षांचा होता. त्याला मी वाढवले आणि धंद्यात घेतले. पस्तीस वर्षे तो माझ्या हाताखाली होता. वापरलेले मशीन कसे पारखायचे, तेही मीच शिकवले. मशीन नेहमी थंड असताना ऐकावे. आधी झाकणावर हात ठेवावा. गरम लागले तर घरी परत यावे, कारण झिजलेले बेअरिंग तापले आणि ग्रीस पातळ होऊन पसरले, की निम्मी खडखड दबते. जाडजूड फांदी घालून बघावी. मग इंजिन बंद करावे, आणि खरे ऐकणे तिथून पुढे. आतला पात्यांचा ड्रम बराच वेळ आपल्या गतीने फिरत राहतो. इंजिन गप्प झाल्यावर तो जे बोलतो ते खरे.

अकरा वर्षांपूर्वी आमचे जुने मशीन थकले. धाकट्याने रोपवाटिकावाल्याकडचा हा चिपर शोधला. मी पोचलो, हात ठेवला, झाकण गरम.

"थंडीत तुला ताटकळत ठेवायला नको म्हणून चालू करून ठेवलं, दादा," तो म्हणाला. "अरे, असं मशीन परत मिळायचं नाही. आणि मी काय परका आहे का?"

मी सौदा केला. विसाव्या दिवशी भर कामात ड्रमचे बेअरिंग फुटले. त्याचा तुकडा मुक्याच्या कानाजवळून गेला. त्या एका दिवशी मुका खरोखर मुका झाला. पुढच्या आठवड्यात रोपवाटिकावाला भेटला. मला सगळे ठाऊक आहे असे समजून तो हसत म्हणाला, "तुमच्या भावानं तासभर तापवलं तेव्हा कुठे खडखड दबली. त्याची दलाली मी चोख दिली हो."

भावाला विचारले. खाली बघेल, निदान गप्प बसेल, असे वाटले होते. तो म्हणाला, "ऐकलंस तर तूच ना, दादा? तुझ्या कानांपुढे मी कोण बोलणार?"

महिन्याभरात त्याने वेगळा धंदा मांडला. मी मशीन उघडून दुरुस्त केले आणि विचारील त्याला सांगत राहिलो, की गरम मशीनने मला फसवले.

ते खोटे आहे. मृत्युपत्रात खोटे लिहू नये, म्हणून लिहितो. त्या दिवशी इंजिन बंद केल्यावर ड्रम फिरत होता, आणि त्या गरम ड्रममधूनही मला खट् ऐकू आले. दोनदा. त्याच वेळी धाकटा मोठमोठ्याने बोलायला लागला. मी त्याचे ऐकले, ड्रमचे ऐकले नाही. आयुष्यात कानांवर अविश्वास एकदाच दाखवला, तो भावासाठी. त्याने लबाडी केली हे मी केव्हाच गिळले. मी ऐकूनही त्याच्यावर विश्वास ठेवीन, हे त्याला आधीच माहीत होते, ते मात्र गिळवत नाही.

कलम ५. यार्ड. पत्र्याची खोली, वजनकाटा, पाण्याची टाकी, सगळे. आज तिथे लेक मशीन चालवते. अर्धी जागा गेली तर चिपर उभा करायलाही तिच्याकडे जागा उरणार नाही. तरी जुन्या कागदात मी अर्धे भावाच्या नावे ठेवले होते, कारण पाठचा भाऊ तो पाठचा भाऊ.

परवा तो आला. मी पलंगावर पडून होतो. तो जिन्यात थांबला. घसा खाकरला. मग हळू आवाजात म्हणाला, "दादा." थांबून पुन्हा, जरा ओलसर, "दादा..." तिसऱ्यांदा जमले. मग दार वाजवले.

आत येऊन तोच तिसरा "दादा" त्याने जसाच्या तसा मला दिला. पाय चेपले. म्हणाला, "यार्ड आपल्यातच राहू दे. पोरीचं काय, उद्या मन बदलेल. मी आहे तोवर जपतो." डोळे पुसले. सगळे सुरळीत, कुठे खडखड नाही. मी डोळे मिटून घेतले. तो उठला, बाहेर गेला, आणि दाराशी माझ्या बायकोला वेगळ्याच आवाजात विचारले, "वहिनी, कागद झालेत का?"

खट्.

या वेळी मी ऐकले. सबब संपूर्ण यार्ड लेकीला. त्यावर इतर कोणाचाही हक्क, वाटा वा तक्रार चालणार नाही.

कलम ६. भावाला ते फुटके बेअरिंग. अकरा वर्षे ते माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून आहे. आत्ताही याच कागदावर आहे. पुसून द्यावे.

कलम ७. लेकीस सूचना. काका एखाद्या सकाळी यार्डात येईल. निरोप पाठवून आला तर तापवून आला समज, चहा देऊन वाटेला लाव. न सांगता आला आणि मशीन तापवल्याच्या त्या तासाभराची गोष्ट आपणहून काढली, तर रोजावर ठेवायचे की नाही हे तू ठरव. माझ्याकडे बघून ठरवू नकोस. मी तेव्हा नसेन, आणि या बाबतीत मी असून उपयोगही झाला नाही. एवढेच कर, तो बोलायचा थांबला की लगेच उत्तर देऊ नकोस. ड्रम पूर्ण थांबेपर्यंत ऐक.

वरील मजकूर मी दोनदा मोठ्याने वाचला. कुठे खडखडले नाही. खाली सही करीत आहे.

लिहून देणार: (सही)

आमच्या समक्ष सही झाली. यातले आम्हांस काही मिळायचे नाही:
१. पात्यांना धार लावणारा (सही)
२. खालच्या मजल्यावरची शिंपीण (सही). सुई बदलली आहे.

ठिकाण: राहते घर, पलंगाशेजारचे टेबल
दिनांक: चौदा, सकाळी सव्वासात, लेक मशीन सुरू करायला निघण्याआधी