दादानं धाडलेल्या गोळ्या

तीर्थरूप दादा,

महाबळेश्वरातनं सिद्धूचा नमस्कार. मी आता बरा हाय, एवढं आईला आधी सांग. फोनवर तू मला बोलू देणार न्हाईस, म्हणून लिवतोय.

मला जुलाब लागलं, ताप भरला, रगत पडलं, हे समदं तुला सांगितलं हुतं. तू म्हणालास, "डॉक्टरांना इचारून तुझ्यासाठनं गोळ्या घेतल्यात," आणि वडूजच्या एस्टीनं पाकीट धाडलंस. मी डोळं झाकून खाल्ल्या. जुलाब थांबलं, पण पोट लय फुगलं. माझ्यासंगं हाटेलात कामाला असलेल्या गड्यांनी मला पाकिटासकट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताप आणि रक्त असताना जुलाब बांधणाऱ्या गोळ्या स्वतःहून घ्यायच्या नसतात. रोग आतच कोंडतो." मग त्यांनी पाकीट झाडलं, तर तळातनं डॉक्टरची चिठ्ठी निघाली. नाव तुझं, तारीख गेल्या दिवाळीआधीची.

एका मेंढराला हगवण लागली की साऱ्या कळपाला त्येच औषध पाजायचं, ही आपली रीत मला ठावं हाय. पण मेंढराला आपण खोटं सांगत न्हाई रं दादा.

उरलेल्या गोळ्या घरात कुणाला देऊ नकोस, आईला तर न्हाईच. तिचा गुडघा कसा हाय? वैनी बरी हाय न्हवं?

बाईंनी चिठ्ठी वाचून इचारलं, "हा मल्हार कोण?"

आजवर तुझं नाव मी छाती काढून सांगत आलो. त्या दिवशी खाली बघून म्हणालो, "गावाकडचा हाय कुणीतरी."

तुझा धाकटा,
सिद्धू