कपाटातली स्वच्छ हवा

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (मान आखडली आहे, त्यामुळे सध्या फक्त कागदावर). तुझा गुडघा बरा झाल्याचे कळले, आनंद झाला. पुढे त्याचे काम पडणार आहे. इकडे सगळे ठीक आहे, असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

तुझ्या धाकट्या भावाचा खोकला गेलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की धुरातली बारीक धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते, तेव्हा गर्दीच्या वेळी खिडक्या बंद ठेवा आणि सकाळचा फेरफटका हमरस्त्यावरून नको. बाबांनी मान डोलावली. (त्यांची मान आणि त्यांचे पाय यांचे आपसात बोलणे नाही, हे तू लहानपणापासून पाहते आहेस.) धूळ मोजणारी यंत्रे दुरुस्त करणे हे माझे काम. त्यातले एक घरी आणून बैठकीच्या खोलीत ठेवले. ते दिवसाची सरासरी दाखवते. आकडा खाली राहिला तरच हमरस्ता, असे ठरले.

पहिल्याच दिवशी आकडा चढला. बाबा म्हणाले, "हिचं तळण." आई म्हणाली, "तळण लग्नापासून चाललंय, खोकला आत्ताच बरा आला." मी स्वयंपाकघरातला पंखा सुरू केला आणि झाडूऐवजी ओले फडके आणले. दुसऱ्या दिवसापासून आकडा इतका उतरला, की डोंगरमाथ्याने लाजावे. खिडकी सताड उघडी, खाली वाहनांची रांग, बाबा खोकताहेत आणि आकडा ढिम्म. यंत्र उघडून तपासले. दोष नव्हता, पण डांबरगोळ्यांचा वास येत होता.

बाबा ते दिवसभर कपाटात, स्वेटरांच्या घडीखाली ठेवत आणि मी यायच्या आत बाहेर काढत. विचारले तर म्हणाले, "कपाट घरातच आहे ना?" (स्वेटरांची प्रकृती उत्तम आहे.)

मी काळजीत वगैरे नाही. जिना चढताना ते मध्येच थांबतात आणि फोन आल्यासारखे करतात, एवढेच.

लोभ आहेच, तो मोजायचे यंत्र अजून निघालेले नाही.

तुझी भाची

ता. क. बाबा रविवारी तुझ्याकडे महिनाभर राहायला येताहेत. तुझा गुडघा फार दुखतो, सोबत हवी, असे मी सांगितले आहे. तरी कृपया लंगडावे.

पुन्हा ता. क. अंगणातला पालापाचोळा जाळणे आजपासून बंद. "मी कुठे जाळते" म्हणू नकोस, गेल्या खेपेला तुझ्या पदराला धुराचा वास होता. यंत्र बाबांच्या पिशवीत ठेवते आहे.

शेवटचा ता. क. कपाटाला कुलूप लाव. आणि आकडा कळवू नकोस. झोपेत खोकतात का, तेवढे कळव.