कापसाच्या खोलीत कोंडलेले मोबाईल

ती. सुनिताअक्कास,

जळगावहून धाकट्या नवीनचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आबा हवापालटाला साक्रीला तुझ्याकडे आलेत, म्हणजे रोज ताटात माझ्या लग्नाचा उसासा वाढला जात असणार. (चाळिशी उलटली, आता मुलींचे फोटो येणंही बंद झालंय.) तर पत्रास कारण, आमची भरीत पार्टी.

दहावीच्या बॅचने वरणगावला चिंधाच्या शेतात वांगी भाजायची ठरवली आणि फर्मान निघालं, सगळं सन दोन हजारसारखं! मी तेव्हाची सहा खिशांची पँट चढवली. (बटण लागलं नाही, सुतळी लागली.) सगळ्यांनी आधी 'आज मोबाईल बंद' असं मोबाईलवरच स्टेटस टाकलं, मग सगळे मोबाईल कापसाच्या खोलीत कुलूपबंद केले. चिंधाने कॅसेट लावली, ती टेपने गिळली. पेन्सिल घालून फीत गुंडाळली, तेवढ्यात लाईट गेली. (हे मात्र हुबेहूब तेव्हासारखं.) मग सगळ्यांना मोबाईल आठवले, तर किल्ली चिंधाच्या बायकोकडे आणि ती बाजारात. तिला फोन करायचा कशावरून? "आपले नको भो ते दोन हजार साल!" म्हणत चिंधाने डोकं धरलं.

अक्का, त्या दिवसांसाठी आम्ही गळे काढतो खरे, पण तेव्हा प्रेमाच्या गाण्यांवर गणपतीत नाचायचो आणि वर्गातली मुलगी समोर आली की गल्ली बदलायचो. त्यातलीच ज्योत्स्ना आली होती. फारकत घेऊन ती जळगावात परतलीय, बँकेत आहे. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळाशी आम्ही गायला बसलो, तर प्रत्येकाला येते फक्त पहिली ओळ. कडवी तिला एकटीलाच पाठ. ती मला तेव्हाही आवडायची, आताही आवडते. भरताची वाटी हातात धरूनच मी विचारलं, लग्न करशील का? म्हणाली, "करेन. पण आधी घरी सांग, चोरून काही नको." मी फार आनंदात आहे गं.

तुझा,
नवीन

ता. क. : आबांना तूच सांग. फारकतीचं ऐकून ते काय म्हणतील, या धास्तीने झोप नाही. फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर ठेवून भाकरी थापतेस.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच आबांचा फोन आला. चिंधाची बायको किल्ली घेऊन आली होती, पण रंगात आलेलं गाणं पाहून उभ्या उभ्या शूटिंग करत राहिली. माझ्या मागणीसकट सगळं तिच्या स्टेटसला आहे आणि आबांनी ते साक्रीत बसून पाहिलंय. मग मी धीर करून फारकतीचंही सांगून टाकलं. आबा म्हणाले, "व्हयनं ते व्हयनं. पोरले घर लई ये." (म्हणजे, झालं ते झालं, पोरीला घरी घेऊन ये!) वर हेही, " आन् गानं तिलेच म्हनू दे, तू म्हनू नको."