साबणानं धुतलेलं वासरू

ड्वेन, शहाण्या भावा,

गाईच्या मेलेल्या वासराचं कातडं त्या पोरक्या वासराच्या पाठीवर मी हौस म्हणून बांधलं नव्हतं. त्या वासामुळेच गाय त्याला आपलं समजून पाजायला लागली होती. तुला घाण वाटली म्हणून तू ते काढून फेकलंस, वर वासराला साबणानं धुतलंस! सकाळी गाईनं लाथाडून त्याच्या बरगड्या मोडल्या. त्याला पिकअपमध्ये घालून डॉक्टरकडे नेतेय. लाल पहिलारू गाय आज विणार. अडली तर फोन कर, स्वतः हात घालू नकोस.

आणि बाबांचा कोट खुंटीला लाव. ते गेल्यापासून तो अंगात चढवून मालकासारखा मिरवतोयस, पण अजून एक गायसुद्धा फसलेली नाही.

लोरेटा